शनीचे २७४ चंद्र आणि दुर्बिणीत दिसणारा एक ठिपका

तुमचा प्रश्न असा आहे: मुलीला चार इंची दुर्बीण घेऊन दिली, गच्चीवरून शनी दाखवला, कडी पाहून ती हरखून गेली. मग तिने विचारलं, की शनीला २७४ चंद्र आहेत असं शाळेत सांगितलं, पण इथे तर शेजारी एकच ठिपका दिसतोय. तो चंद्रच आहे का? बाकीचे कुठे आहेत? आणि पृथ्वीला एक नि शनीला एवढे, हे कसं?

गेली पंचवीस वर्षं मी आठ इंची आरशाच्या दुर्बिणीतून लोकांना ग्रह दाखवतोय. कधी पुण्यात गच्चीवर, कधी वांगणीच्या माळरानावर. शनी दाखवला की हा प्रश्न येतोच. पोरीने नीट पाहिलंय म्हणून तिला तो पडला. जरा सावकाश उत्तर देतो.

आधी तो ठिपका. तो टायटन असणार, शनीचा सर्वांत मोठा चंद्र. व्यास ५,१५० किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहाहूनही मोठा. तरीही माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तिला स्वतःला तपासू दे. वहीत शनी आणि कडी यांचं छोटं चित्र काढायचं, ठिपका कुठे आहे ते मांडायचं, तारीख-वेळ लिहायची. रोज जमलं नाही तर दिवसाआड. तारा असेल तर शनी त्याला मागे टाकून पुढे सरकेल आणि ठिपका आठवड्याभरात लांब पडेल. टायटन असेल तर तो शनीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाईल आणि सोळाव्या दिवशी जवळपास पुन्हा त्याच जागी येईल. त्याची फेरी १५ दिवस २२ तासांची आहे. तो जास्तीत जास्त किती लांब जातो, याचंही माप डोळ्यात बसवून ठेवा: कड्यांची या टोकापासून त्या टोकापर्यंतची रुंदी धरली, तर तिच्या साधारण साडेचार पट.

टायटन एकदा ओळखीचा झाला की बाकीचे शोधणं सोपं जातं. तुमच्या चार इंचीतून ऱ्हिआ नक्की दिसायला हवा. तो टायटनपेक्षा बराच मंद आहे, पण हवा शांत असेल तर चुकत नाही. टेथिस आणि डायोनी त्याहून थोडे मंद आणि शनीला अधिक चिकटून. या तिघांना शोधायला फार लांब जायचं नाही, कड्यांच्या रुंदीच्या दुपटीच्या आत बघायचं. अडचण त्यांच्या मंदपणाची कमी आणि शनीच्या झगझगाटाची जास्त असते. त्यावर जुना उपाय असा, की शंभर-सव्वाशे पट मोठं दाखवणारी नेत्रिका लावायची आणि दुर्बीण किंचित सरकवून शनीला क्षेत्राच्या अगदी कडेबाहेर ढकलायचं. ग्रह नजरेआड झाला की शेजारचा अंधार खरा अंधार होतो आणि त्यात एक-दोन बारीक टिंबं उमटतात. शनी छपरांच्या पातळीवर असताना हे करू नका. गच्चीची फरशी आणि भिंती दिवसभराचं ऊन ओकत असतात, त्या हवेतून काही धड दिसत नाही. तो चांगला वर, आकाशाच्या मध्याकडे येईपर्यंत थांबा.

म्हणजे तुमच्या दुर्बिणीतून चार, आणि कधीमधी पाचवा, त्याचं पुढे सांगतो. माझ्या आठ इंचीतून सहा दिसलेत, सहावा फार क्वचित. मोठ्या वेधशाळेत बसून डोळ्याने पाहिलं तरी आकडा फार वाढत नाही. मग २७४ आले कुठून?

मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या चंद्रांची एकदम अधिकृत नोंद झाली आणि आकडा २७४ वर गेला. एडवर्ड ॲश्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईमधल्या मौना केआ पर्वतावरच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीतून ते शोधले. २००० सालापर्यंत हाच आकडा १८ होता. या पंचवीस वर्षांत शनीभोवती काही नवं जन्मलं नाही, आपली नजर तीक्ष्ण झाली. हे नवे चंद्र म्हणजे काही किलोमीटरचे खडक-बर्फाचे गोळे, आपल्या सिंहगडाच्या डोंगराच्या मापाचे. ते शनीबरोबर आपल्यापासून सुमारे १३० कोटी किलोमीटरवर आहेत. नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा ते काही कोटी पटींनी मंद असतात. एका फोटोत ते उमटतच नाहीत.

म्हणून शोधक काय करतात, तर आकाशाच्या एकाच तुकड्याचे तासन्‌तास फोटो घेत राहतात. मग शनी ज्या गतीने ताऱ्यांतून सरकतो, त्याच गतीने प्रत्येक फोटो थोडा थोडा सरकवून सगळे एकावर एक रचतात. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवला तर गाडी स्पष्ट येते आणि मागची झाडं फराटे होतात ना, तसंच. तारे फराटे होतात आणि शनीसोबत चालणारा एखादा अतिमंद गोळा टिंब होऊन वर येतो. पण टिंब सापडलं म्हणजे चंद्र सापडला असं होत नाही. ते अनेक महिने, कधी अनेक वर्षं, पुन्हा पुन्हा पकडून त्याची कक्षा शनीभोवतीच आहे हे सिद्ध करावं लागतं. या गटाने २०१९ ते २०२१ मध्ये आकाश पिंजून काढलं, त्यातून २०२३ मध्ये ६२ चंद्र जाहीर झाले. हातात उरलेली टिंबं पाहून आणखी असणार हे त्यांना कळलंच होतं. म्हणून २०२३ मध्ये सलग तीन महिने ते त्याच जागी परत गेले. १२८ त्यातून आले.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते सांगतो. २७४ हा आकडा मुलीला पाठ करायला लावू नका. त्यात दोन अगदी वेगळ्या जातींची बेरीज केलेली आहे. २४ चंद्र घरचे आहेत आणि २५० बाहेरून आलेले.

घरचे २४ साधारणपणे शनीच्या विषुववृत्ताच्या पातळीत, जवळपास गोल कक्षेत, शनी ज्या दिशेने स्वतःभोवती फिरतो त्याच दिशेने फिरतात. मोठे सगळे यांतलेच. शनी तयार होत असताना त्याच्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी होती, तिच्यातून हे कुटुंब घडलं असं मानतात, जरी आतल्या काही चंद्रांच्या वयाबद्दल अजून वाद आहे. शनीभोवती जेवढं म्हणून वस्तुमान फिरतं, कडी धरून, त्यातलं ९६ टक्क्यांहून अधिक एकट्या टायटनमध्ये आहे. म्हणजे मुलीने त्या रात्री एक ठिपका पाहिला, तेव्हा शनीच्या परिवारातला बहुतेक सगळा माल तिने पाहिला. तिला हे जरूर सांगा.

बाहेरचे २५० मात्र लांबवर, कोटीभर किलोमीटर आणि त्याहून पलीकडे, तिरप्या आणि लांबट कक्षांतून फिरतात. बहुसंख्य तर उलट्या दिशेने. तबकडीतून घडलेला चंद्र उलटा फिरू शकत नाही, म्हणून हे पकडलेले पाहुणे आहेत हे उघड आहे. पकडणं तितकं सोपं नसतं. बाहेरून आलेला गोळा ज्या वेगाने आत येतो, त्याच वेगाने बाहेर निघून जातो. त्याला आत ठेवायचं तर कुणीतरी त्याचा वेग काढून घ्यायला हवा. सूर्यमालेच्या सुरुवातीला ग्रहाभोवती दाट वायू होता, त्याने ब्रेक लावला असेल. किंवा जोडीने आलेल्या दोन गोळ्यांपैकी एक निसटताना दुसऱ्याचा वेग घेऊन गेला असेल. किंवा मोठे ग्रह आपापल्या जागा बदलत होते त्या धामधुमीत काही अडकले असतील. तिन्ही बाजूंनी बोलणारे शास्त्रज्ञ आहेत.

इथे गुरूची गोष्ट आणावीच लागते, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार: गुरू तर शनीपेक्षा तिपटीहून जड, मग त्याला कमी चंद्र का? २०२३ च्या सुरुवातीला काही महिने गुरूच पुढे होता. मग शनीने त्याला मागे टाकलं ते टाकलंच. कारणं दोन.

पहिलं, कुठल्याही ग्रहाची सत्ता एका मर्यादेपर्यंतच चालते. त्यापलीकडे सूर्याची ओढ वरचढ होते आणि चंद्र सुटून जातो. ही हद्द ग्रहाच्या सूर्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढते, पण वस्तुमानाच्या घनमुळाच्याच प्रमाणात. आठवी-नववीचं गणित आहे, मुलीला करायला लावा. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट, घनमूळ ६.८. सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या ५.२ पट. गुणाकार सुमारे ३५.५. शनीचं वस्तुमान ९५ पट, घनमूळ ४.६. अंतर ९.६ पट. गुणाकार ४४. जड गुरूपेक्षा हलक्या शनीचं राज्य मोठं निघतं! किलोमीटरमध्ये गुरूची हद्द सुमारे ५.३ कोटी, शनीची सुमारे ६.५ कोटी. याच हिशेबात पृथ्वीचा आकडा एक, आणि तिची हद्द जेमतेम १५ लाख किलोमीटर. सूर्याच्या इतक्या जवळ राहून पाहुणे सांभाळायला जागाच नाही. आपला चंद्र तर पकडलेलाही नाही, पृथ्वीच्या बालपणी झालेल्या एका प्रचंड टकरीतून तो निघाला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. शनीच्या या बाहेरच्या चंद्रांत लहान तुकड्यांची गर्दी अपेक्षेपेक्षा फार आहे. एखादं मडकं फुटलं की मोठी खापरं थोडी आणि बारीक कपच्या ढीगभर असतात, तसं. शिवाय बरेच तुकडे एकसारख्या कक्षांत सापडतात. त्यावरून एखादा बऱ्यापैकी मोठा पकडलेला चंद्र टकरीत फुटला आणि हे त्याचे तुकडे आहेत, असा शोधकांचा निष्कर्ष आहे. नव्या चंद्रांतले बरेचसे मुंडिलफारी नावाच्या चंद्राच्या आसपास आहेत आणि ही टक्कर बहुधा गेल्या १० कोटी वर्षांतली असावी, असं ते म्हणतात. सूर्यमालेचं वय साडेचारशे कोटी. म्हणजे ही कालपरवाची फूटतूट आहे.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गुरूचेही अतिलहान चंद्र अजून मोजून झालेले नाहीत. २०२० मध्ये याच मंडळींनी जुन्या फोटोंतला छोटासा तुकडा तपासून अंदाज बांधला होता, की ८०० मीटरहून मोठे, गुरूभोवती उलटे फिरणारे चंद्र सहाशेच्या घरात असतील. चंद्र म्हणवून घ्यायला किमान किती मोठं असावं, याचा नियमच नाही. शनीच्याच एका बारीक कड्यात एजिऑन नावाचा चंद्र आहे, अर्ध्या किलोमीटरच्या आसपासचा, आणि तो यादीत आहे. कड्यातला प्रत्येक बर्फाचा गोळाही तसा शनीभोवतीच फिरतो, त्यांना कोण मोजणार? म्हणून आकडा बदलत राहणार. ख्रिस्तियान हायगेन्सने २५ मार्च १६५५ ला टायटन शोधला, तेव्हा माहीत असलेले ग्रह सहा होते आणि टायटन धरून चंद्रही सहा झाले. सहा आणि सहा, यादी पूर्ण झाली, आता नवा काही सापडायचा नाही, असं त्याने मानलं आणि पुढे शोधलंच नाही. त्यानंतर सोळा वर्षांनी जिओव्हानी कॅसिनीला दुसरा सापडला.

कॅसिनीकडे येण्याआधी कड्यांबद्दल थोडं, कारण त्याचा तुमच्या पाहण्याशी थेट संबंध आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. आपल्याकडे साडेसातीचं गणित याच आकड्यातून येतं, एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींत साडेसात. या एका फेरीत दोनदा, म्हणजे दर चौदा-पंधरा वर्षांनी, कड्यांची फक्त धार आपल्याकडे होते आणि ती दिसेनाशी होतात. कडी गेली की झगझगाट गेला, आणि चंद्र उघडे पडतात. शनीच्या चंद्रांचा इतिहास या वेळापत्रकावर बेतल्यासारखा आहे. टायटन सापडला तो १६५५ चा काळ तसाच. १६७१-७२ मध्ये कॅसिनीला आयापेटस आणि ऱ्हिआ सापडले, पुढच्या फेरीत १६८४ मध्ये टेथिस आणि डायोनी. १७८९ मध्ये विल्यम हर्शेलला एन्सेलाडस आणि मिमास. १८४८ मध्ये हायपेरियन. १९६६ मध्ये जेनस आणि एपिमेथिअस. सगळे कडी बारीक असतानाचे.

मला एन्सेलाडस पहिल्यांदा खात्रीने दिसला तोही २००९ च्या जानेवारीत, कड्यांची सुई झाली होती तेव्हा, वांगणीला पहाटे तीनच्या सुमारास. थंडीने बोटं वळत नव्हती. कड्याच्या टोकाच्या जरासं पुढे एक टिंब दोन-तीन सेकंद थांबायचं आणि जायचं. दीड तास थांबलो, तोवर ते टोकापासून थोडं सरकलेलं दिसलं. फेरी १ दिवस ९ तासांची असल्याने एका रात्रीतही त्याची हालचाल कळते. फक्त ५०४ किलोमीटर व्यासाचा हा गोळा. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फकणांचे फवारे अवकाशात उडताना आढळले. डायोनीची एक फेरी होते तेव्हा एन्सेलाडसच्या बरोबर दोन होतात. त्या ठेक्यातल्या ओढीने त्याची कक्षा किंचित लांबट राहते, शनी त्याला सतत दाबतो-ताणतो, आणि त्या घर्षणाच्या उष्णतेवर बर्फाखालचा समुद्र टिकून आहे. गोठलेल्या त्या पहाटे मला दिसत होता तो ठिपका आतून गरम आहे, हा विचार त्या रात्री सुटता सुटला नाही.

जेनस आणि एपिमेथिअस तुम्हाला दिसणार नाहीत, पण मुलीला त्यांची गोष्ट सांगाच. दोघे जवळपास एकाच कक्षेत फिरतात. कक्षांतला फरक सुमारे ५० किलोमीटर आणि ते स्वतः शंभरावर किलोमीटरचे. आतला थोडा वेगवान, त्यामुळे दर चार वर्षांनी तो बाहेरच्याला मागून गाठतो. टक्कर व्हायला हवी. पण जवळ येताच पुढचा मागच्याला पुढे ओढतो. पुढे ओढला गेलेला चंद्र जास्त ऊर्जा मिळून बाहेरच्या कक्षेत चढतो, आणि बाहेरची कक्षा म्हणजे कमी वेग. पुढचा मात्र मागे ओढला गेल्याने आतल्या कक्षेत उतरतो आणि वेगात येतो. दोघे हजारो किलोमीटर अंतर राखून जागा बदलतात आणि दूर जातात. चार वर्षांनी पुन्हा तेच. १९६६ मध्ये दोघेही काही दिवसांच्या अंतराने दिसले होते, पण एकाच कक्षेत दोन चंद्र असतील हे कुणाच्या ध्यानात यायला आणखी बारा वर्षं गेली. तोवर निरीक्षणांचा मेळच बसत नव्हता.

आता आयापेटस. तुमच्या दुर्बिणीचं मोल खरं इथे आहे.

कॅसिनीने ऑक्टोबर १६७१ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेतून शनीच्या पश्चिमेला एक नवा चंद्र पाहिला. काही आठवड्यांनी तो फिरून पूर्वेला यायला हवा होता. कॅसिनीने तिथे शोधला, मिळाला नाही. पुढे पश्चिमेला पुन्हा दिसला, पूर्वेला पुन्हा गायब. वर्षानुवर्षं हेच. कॅसिनीने त्यातून जे अनुमान काढलं, ते मला अजूनही थक्क करतं: या चंद्राची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी असली पाहिजे, आणि आपल्या चंद्रासारखाच तो आपल्या ग्रहाकडे कायम एकच तोंड ठेवून फिरत असला पाहिजे. तसं असेल तरच पश्चिमेला असताना दर वेळी त्याची उजळ पाठ आपल्याकडे येईल आणि पूर्वेला असताना दर वेळी काळं तोंड. अधिक चांगल्या दुर्बिणीतून पूर्वेकडचा मंद आयापेटस त्याला अखेर दिसला तो १७०५ मध्ये, चौतीस वर्षांनी. अनुमान बरोबर होतं. तीनशे वर्षांनी यानाने जवळून फोटो घेतले तेव्हा चंद्राची पुढे धावणारी बाजू कोळशासारखी काळी आणि मागची बर्फासारखी पांढरी निघाली. पश्चिमेला तो पूर्वेपेक्षा जवळजवळ पाचपट तेजस्वी दिसतो.

काळं कशाने झालं? बाहेरच्या पाहुण्यांपैकी सर्वांत मोठा आहे फीबी, सुमारे २१३ किलोमीटर व्यासाचा, १८९९ मध्ये फोटोवरून सापडलेला, आणि उलटा फिरणारा. त्याच्यावर बारीकसारीक आघात होऊन काळपट धूळ उडत राहते. २००९ मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला अवरक्त किरणांत त्या धुळीचं एक अवाढव्य विरळ कडं शनीभोवती सापडलं. ती धूळही उलटी फिरत हळूहळू आत येते आणि सुलट धावणाऱ्या आयापेटसच्या नेमकी तोंडावर बसते. गाडीच्या पुढच्या काचेवर चिलटं चिकटतात, मागच्या काचेवर नाही, त्यातला प्रकार. पुढचं काम ऊन करतं. काळा भाग जास्त तापतो, तिथला बर्फ वाफ होऊन उडतो आणि थंड, पांढऱ्या भागावर जाऊन गोठतो. त्यामुळे काळं अधिक काळं आणि पांढरं अधिक पांढरं होत जातं. आयापेटसचा एक दिवस आपल्या ७९ दिवसांएवढा लांब, म्हणून उन्हाला तापवायला सवडही भरपूर मिळते.

मुलीच्या ‘बाकीचे कुठे आहेत’ या प्रश्नाचं मला सुचणारं सर्वांत चांगलं उत्तर हेच आहे. फीबी तिला चार इंचीतून कधी दिसायचा नाही, ते २५० चंद्रही नाहीत. पण त्यांच्यातल्या एकाची धूळ काय करते, ते तिला तिच्या गच्चीवरून पाहता येईल.

कसं ते सांगतो. शनी रात्री चांगला वर असतो ते पावसाळ्यानंतरचे तीन-चार महिने निवडा. एवढ्यात आयापेटसची एक पूर्ण फेरी आरामात बसते. तो पश्चिम टोकाला कधी येणार ते स्टेलॅरियमसारख्या मोफत ॲपवर तारीख पुढे-मागे करून आधी पाहून ठेवा. पश्चिम कुठली हे दुर्बिणीत गोंधळाचं होतं, कारण दिशा उलट्यापालट्या दिसतात. दुर्बीण न हलवता थांबा, शनी क्षेत्रातून ज्या बाजूने बाहेर सरकतो ती पश्चिम. मग तिथे शोधा, पण कड्यांजवळ नाही. तो कड्यांच्या रुंदीच्या तेरा पटींपर्यंत लांब जातो, आणि त्याची कक्षा बाकीच्यांपेक्षा पंधरा अंशांनी तिरपी असल्याने टायटन-ऱ्हिआच्या रेषेत तो बहुतेक वेळा नसतो. मी पहिल्या वर्षी तीन रात्री भलत्याच ताऱ्याला आयापेटस समजून वहीत मांडत होतो, चौथ्या रात्री शनी पुढे गेला आणि तो तारा तिथेच राहिला. तेव्हा आसपासचे सगळे तारे चित्रात मांडायला सांगा, चार-पाच रात्रींत जो शनीबरोबर चालतो तो आयापेटस.

पश्चिम टोकाला तो साधारण टेथिसइतका उजळ असतो, पण टेथिससारखा शनीच्या झगझगाटात बुडालेला नसतो. तुमच्या दुर्बिणीच्या आवाक्यातला आहे. दर आठवड्याला त्याची तुलना टायटन, ऱ्हिआ आणि जवळच्या एखाद्या ताऱ्याशी करून लिहायची: ऱ्हिआपेक्षा मंद, अमुक ताऱ्याएवढा, त्याहून मंद. पश्चिम टोकापासून साधारण वीस दिवसांनी तो शनीच्या वर किंवा खालून पलीकडे जाईल, चाळीस दिवसांनी पूर्व टोकाला. शहराच्या उजेडात चार इंचीतून तेव्हा तो बहुतेक दिसणारच नाही. ॲप त्याची जागा दाखवेल, दुर्बीण त्या जागेवर असेल आणि तिथे काही नसेल. त्या रात्री तिला वहीत तारीख, वेळ आणि ‘शोधला, दिसला नाही’ असं लिहायला सांगा. कॅसिनीच्या वाट्याला नेमकी हीच नोंद आली होती. आणि मग चाळीस दिवसांनी, तो पश्चिमेला परत आला की पुन्हा पाहा.